भाच्याची पहिली सोलो झाली, कीचेनवर काय कोरू? बजेट ६०० रु.

सातारकर_मामा:
नमस्कार मंडळी. भाचा बारामतीला पायलटचं ट्रेनिंग करतोय, परवा पहिली सोलो झाली. शेजारी मास्तर नाही, एकट्याने सेसना १७२ वर नेलं, एक चक्कर मारली आणि खाली आणलं. मग रिवाजाप्रमाणे पोरांनी बादल्या ओतल्या अंगावर, तो व्हिडिओ ताईने दुधवाल्याला पण पाठवलाय. मला त्याला पितळी कीचेन द्यायचंय, त्यावर पायलट लोकांचं एखादं छोटं वाक्य. कोरणारा म्हणतो १५ अक्षरांच्या वर गेलात तर भिंग लागेल वाचायला. शक्यतो मराठीत. "आकाशाला गवसणी" वगैरे कृपया नको, कामाचं काहीतरी हवंय.

कॉकपिट_काका:
यात विचारायचं काय, एव्हिएट नेव्हिगेट कम्युनिकेट. आधी विमान सांभाळ, मग कुठं चाललोय ते बघ, मग रेडिओवर बोल, आणि क्रम बदलायचा नाही. १९७२ च्या डिसेंबरात मायामीजवळ ईस्टर्न कंपनीचं ट्रायस्टार विमान कशाने पडलं? पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना म्हणून सगळे त्या दिव्याच्या मागे, तेवढ्यात ऑटोपायलटने उंची धरून ठेवायचं सोडलं ते कोणाच्या लक्षातच नाही, रात्रीची वेळ, खाली दलदल. १०१ माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं, बल्ब गेला होता फक्त.

झणझणीत_मिसळ:
काका, अक्षरं मोजा की, ते १५ म्हणतायत. बाकी मामा कीचेन कशाला देताय, हरवतं ते. हेडसेट घ्या डेव्हिड क्लार्कचा, हिरवा. माझ्या मुलाला घेतला, जड आहे पण मजबूत, एकदा खर्च केला की बघायला नको.

सातारकर_मामा:
अहो ६०० रुपयांत हेडसेटचं खोकं पण येणार नाही.

उसगावची_माऊ:
आमचे हे इथे वीकेंडला उडवतात. त्यांच्या हँगरमध्ये पाटी आहे, टेकऑफ ऐच्छिक, लँडिंग सक्तीचं. ते घ्या, गमतीशीर पण आहे. त्यांचं स्वतःचं आवडतं मात्र वेगळंच, जगात तीन गोष्टी बिनकामाच्या: मागे राहिलेली धावपट्टी, डोक्यावरची उंची आणि पंपावर राहिलेलं इंधन. मी आधी हसायचे. मग एकदा लग्नाला निघालो, समोरून वारा, अर्ध्या वाटेत यांनी मधल्याच एका छोट्या विमानतळावर उतरवलं, पंखाखालच्या दांड्यावर पाय देऊन वर चढले आणि टाकीत पट्टी बुडवून बघत बसले. मी खाली पैठणीत उभी. मी म्हटलं काटा दाखवतोय ना पुरेल म्हणून, तर म्हणाले काट्यावर विश्वास ठेवायचा नसतो. दोन तास उशीर झाला, अक्षता गेल्या, जेवण मिळालं. आठवडाभर बोलले नाही मी.

नाना_निवृत्त:
"ज्या लँडिंगनंतर चालत बाहेर येता आलं ते लँडिंग चांगलं." हे टाका, प्रसिद्ध आहे.

शालन_मावशी:
नाना काहीही काय, पोराला पहिल्या सोलोला असलं अभद्र कोरून देतात का.

नाना_निवृत्त:
अभद्र कसलं त्यात, विनोद आहे तो. बरं मग हे घ्या, म्हातारे पायलट असतात, धाडसी पायलट असतात, म्हातारे धाडसी पायलट नसतात.

शालन_मावशी:
हे तर त्याहून वाईट.

धावपट्टी_२७:
मी ट्रेनिंग केलंय, नोकरी अजून शोधतोय, त्यावर बोलायला लागलो तर वेगळा धागा लागेल. तर आमच्या मास्तरांचं एकच, "दोन बोटांनी धर". नवीन पोरगं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, असं आवळतं की विमान काय सांगतंय ते हाताला कळतच नाही, ट्रिम, म्हणजे योकवरचा जोर कमी करणारी सोय, लावायचा राहतो आणि दंड भरून येतो. मास्तरांनी माझ्या बोटांच्या मधून पेन्सिल ओवली, एकावरून एकाखालून, आणि म्हणाले आता उडव. मूठ आवळली की पेन्सिल हाडावर रुतते. तीन सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीला फेरी मारून उतरणं, केले तसे. चौथ्याला लँडिंग बरं झालं पहिल्यांदा. अक्षरं सात आहेत, मोजली मी.

सातारकर_मामा:
हे आवडलं बुवा.

पुणेरी_पोपट:
एव्हिएट नेव्हिगेट कम्युनिकेट हे अजून कोणीच कसं सुचवलं नाही?

कॉकपिट_काका:
वर वाचा.

नाना_निवृत्त:
अजून एक, बाटली आणि थ्रॉटल (विमानाचा अ‍ॅक्सिलरेटर) यात आठ तासांचं अंतर.

धावपट्टी_२७:
नाना ते आठ अमेरिकेत. आपल्याकडे १२ तास. आठ कोरून दिलंत आणि पोराने खरं मानलं तर ड्युटीआधी फुंकर मारायला लावतात तिथेच सापडेल.

शालन_मावशी:
दारूचं कशाला पण कीचेनवर!!

पुणेरी_पोपट:
चांगला पायलट आपली अक्कल अशी वापरतो की कौशल्य वापरायची वेळच येऊ नये. अपोलो ८ वाले फ्रँक बोरमन यांच्या नावावर सांगतात हे. भावार्थ सांगितलाय, तुम्ही छोटं करून घ्या.

झणझणीत_मिसळ:
हेडसेटचा विचार करा मामा, ईएमआयवर पण मिळतो.

सातारकर_मामा:
मंडळी आभारी आहे. काल भाच्याला फोनवर सगळी यादी वाचून दाखवली, तर म्हणाला मामा हे सगळं आमच्या क्लासच्या भिंतीवर चिकटवलंय, पेन्सिलवालं सोडून, आणि ते त्याला नकोय कारण त्याचे मास्तर पट्टीने मारतात म्हणे. म्हणून शेवटी "सावकाश जा" कोरून घेतलं. आमची आई, म्हणजे त्याची आजी, दारातून कोणीही बाहेर पडलं, अगदी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला, तरी हेच म्हणते.

कॉकपिट_काका:
सावकाश??? अहो विमानात वेग म्हणजे जीव आणि उंची म्हणजे विमा. १७२ फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, साधारण ६५ नॉटवर आणायचं असतं, सावकाश जा म्हणून कमी करत बसला तर स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल जाईल, तेही जमिनीजवळ. बदलून घ्या.

उसगावची_माऊ:
काका, आजी एअरस्पीडबद्दल नाही बोलत आहेत.

कॉकपिट_काका:
पण लिहिलंय काय ते बघा ना.

सातारकर_मामा:
काका पितळेवर आहे, खोडता येत नाही. ५५० घेतले त्याने, "श" ची शेंडी तुटकी आलीय ते वेगळंच.