तोंडाच्या कॅन्सरचे लाईट पंधरा दिवसांत सुरू होणार, घरच्यांनी काय तयारी करावी?

मोसंबी_जालना

नमस्कार. बाबांचं वय ५८, वजन ५२ किलो. डाव्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं मुंबईत ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. जबड्याचा थोडा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या आहेत. रिपोर्टमध्ये एका गाठीतला कॅन्सर कवच फोडून बाहेर आलेला दिसला, म्हणून आता ३३ लाईट (म्हणजे रेडिएशन) आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची केमो सांगितली आहे.

दातांच्या डॉक्टरांनी उरलेल्यांपैकी तीन दाढा काढायला सांगितल्यात. बाबा म्हणतात, एवढं मोठं ऑपरेशन झालं, आता दाढा राहू द्या. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. जेवण पातळ, पण तोंडाने चालू आहे.

दोन महिने मुंबईत राहणं आम्हाला जड जाईल. जवळपास लाईट घेतले तर चालतं का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे बाबा गप्प आहेत. पाटीवर फक्त एवढंच लिहितात की 'माझ्या तंबाखूने झालं, तुम्ही पैसे घालवू नका'. त्यांच्याशी काय बोलावं?

किरणोपचार

दाढा काढायच्याच, आणि त्या याच आठवड्यात. रेडिएशनमुळे जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कमी होत जातात. नंतर तीच दाढ किडली आणि काढावी लागली, तर ती जागा भरून येत नाही, हाड उघडं पडतं आणि सडतं. हा धोका वर्षादोन वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो. आज काढली तर दोन-तीन आठवड्यांत हिरडी भरते. तुमच्या हातात बरोबर तेवढेच दिवस आहेत. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हावेत असा प्रयत्न असतो, त्यामुळे दाढांसाठी लाईट पुढे ढकलणं परवडणार नाही.

राहिलेल्या दातांची सफाई करून घ्या, टोकदार कडा घासून घ्या आणि फ्लोराइडचे ट्रे (औषध भरून दातांवर बसवायचे साचे) बनवता येतील का ते विचारा. तोंड कमी उघडत असेल तर ट्रे बसत नाहीत, तेव्हा जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देतात. ती रात्री लावून थुंकायची, वर पाणी घेऊन चूळ भरायची नाही. कवळी असेल तर उपचार संपेपर्यंत ती डबीतच राहू द्या.

पुढची पायरी मास्क. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि खांद्यापर्यंत दाबून बसवतात. काही मिनिटांत तो कडक होतो आणि तोच मास्क घालून सीटी स्कॅन होतो. रोज त्याच मास्कने टेबलावर पडायचं असतं. म्हणून दाढी आणि केस मास्कच्या आदल्या दिवशी कमी करा आणि शेवटपर्यंत तेवढेच ठेवा. दाढा काढल्याची सूज उतरल्यावरच मास्क बनवलेला बरा. सुजेच्या गालावर बनवलेला मास्क आठवड्याने सैल पडतो. वजन झपाट्याने उतरलं तरी तेच होतं, मग मास्क आणि प्लॅन (किरण कुठे, किती द्यायचे याचा आराखडा) दोन्ही नव्याने करावे लागतात.

मास्कमध्ये बरेच जण घाबरतात. जाळीतून नाकाने श्वास व्यवस्थित घेता येतो हे बाबांना आधीच सांगा. खोलीत कोणी नसतं, पण कॅमेऱ्यातून तंत्रज्ञ पाहत असतात. हात वर केला की मशीन थांबवून आत येतात. टेबलावरचा वेळ दहा ते वीस मिनिटांचा असतो आणि किरण जाणवत नाहीत. घरी उताणं झोपून, चेहऱ्यावर पातळ पंचा टाकून पाच मिनिटं, मग दहा मिनिटं पडायची सवय करून घ्या. तरीही धडधड होत असेल तर तंत्रज्ञाला पहिल्याच दिवशी सांगा. डोळ्यांपुढची जाळी कापता येते का ते डॉक्टर प्लॅन बघून ठरवतात, आणि हलकी गोळीही देता येते.

३३ लाईट म्हणजे सोमवार ते शुक्रवार धरून साडेसहा आठवडे. मध्ये दांडी पडली तर कॅन्सरच्या पेशी त्या दिवसांत पुन्हा वाढतात, आणि मागाहून जास्तीचे लाईट देऊन ती तूट पूर्ण भरत नाही. तोंड आलंय, ताप आहे, लग्न आहे, काहीही असो. जायचं की नाही हे घरी ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. मशीन बंद पडलं तर तो दिवस शनिवारी किंवा एका दिवसात दोनदा लाईट देऊन भरून काढता येतो का, हे तुम्ही स्वतःहून विचारायचं.

वॉर्ड_सात

तोंड उघडण्याचा व्यायाम आजपासून करायला मिळतो का ते सर्जनना विचारा. जबड्याचं हाड कापलंय, त्यामुळे त्यांची परवानगी लागेल. एरवी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ठेवायच्या. ताण जाणवेल, पण कळ येणार नाही इतपतच. अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. असं दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. आज किती काड्या बसल्या ते कॅलेंडरवर लिहा. आकडा कमी होऊ लागला की लगेच कळतं. लाईट संपल्यानंतरही निदान वर्षभर हा व्यायाम सुटता कामा नये, कारण स्नायू आखडण्याची क्रिया नंतरही चालू राहते. मानेच्या गाठी काढल्यावर खांदा पडतो, हात वर जात नाही. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून वेगळे व्यायाम शिकून घ्या.

गुळण्यांचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. चहाचा सपाट चमचा धरा. बेकिंग पावडर नको, ती वेगळी. रोज ताजं करायचं. जागेपणी दर दोन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर तोंडात खुळखुळवून थुंकायचं. पहिल्या लाईटपासूनच सुरू करा, तोंड येण्याची वाट पाहू नका. बाजारातली झोंबणारी माउथवॉश बंद. बेन्झिडामाइनचं (तोंडाची आग कमी करणाऱ्या गुळण्यांचं) औषध चालेल का ते डॉक्टरांना विचारा. दातांसाठी लहान मुलांचा मऊ ब्रश वापरा.

पुढचा अंदाज असा. पहिले दहा दिवस काही होत नाही आणि घरचे निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चव जाते, लाळ चिकट होते, तोंड लाल होतं. चौथ्यापासून पांढरे चट्टे आणि गिळताना आग. सगळ्यात वाईट काळ शेवटचा आठवडा आणि लाईट संपल्यानंतरचे दोन आठवडे. 'लाईट संपले तरी वाढतंच चाललंय' म्हणून माणसं घाबरतात, पण ते अपेक्षित आहे, पुढच्या काही आठवड्यांत भरून येतं. दुखण्याची औषधं वेळ धरून द्या, दुखल्यावर नाही. मॉर्फिन लिहून दिलं तर 'आता शेवट आला' असा अर्थ काढू नका. गिळता यावं म्हणून ते देतात. त्याने बद्धकोष्ठ होतं, म्हणून जुलाबाचं औषध त्याच दिवसापासून मागून घ्या.

मानेची कातडी काळी पडेल, सोलवटेल. वस्तरा, साबण, हळद, तेल, बाम काही नको. सुती आणि बिनकॉलरचे कपडे घाला, उन्हात सैल उपरणं घ्या. डॉक्टरांनी दिलेलं मलमही लाईटच्या आधी जाड थापायचं नाही.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर आणि कानांवर परिणाम करतं. सुरू होण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी), रक्तपेशी आणि ऐकण्याची तपासणी झालीच पाहिजे. केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस अडीच ते तीन लिटर द्रव पोटात जायला हवा, मात्र हृदयाचा आजार असेल तर किती ते विचारून. लघवी कमी झाली, कानात शिट्टी वाजू लागली, उलट्यांनी पाणी टिकेना, तर पुढच्या डोसची वाट न पाहता फोन करा. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने नकोत. काढे आणि भस्मंही या काळात नको, मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. सिस्प्लॅटिन झेपणारच नाही असं निघालं तरी मार्ग आहे. अशा रुग्णांमध्ये लाईटसोबत दर आठवड्याला थोडं डोसेटॅक्सेल (केमोचंच दुसरं औषध) देण्याचा फायदा टाटा मेमोरियलच्या २०२३ च्या अभ्यासात दिसला आहे.

घरात थर्मामीटर हवा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला तर रात्र असली तरी दवाखाना. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नका.

पातळ_पेज

आजचं ५२ किलो हे वजन टिकवणं हेच तुमचं काम. दर सोमवारी त्याच काट्यावर मोजा. अडीच किलोच्या वर घट झाली की आहारतज्ज्ञाला गाठा.

या वजनाला दिवसाला साधारण १,६०० कॅलरी आणि ६२ ते ७८ ग्रॅम प्रथिनं लागतात. हिशेब असा बसतो: दूध एक लिटर, उकडून वाटलेली तीन अंडी, बिनसायीच्या दुधाची पावडर ३० ग्रॅम, नाचणीचं पीठ ६० ग्रॅम, मुगाची डाळ ५० ग्रॅम, तूप किंवा तेल पाच चमचे, गूळ ३० ग्रॅम. यातून सुमारे ७५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. डाळीचं नुसतं वरचं पाणी आणि भाताची पेज यावर माणूस ठेवला की आठवड्याला किलो-किलो उतरतो, कारण त्यात जवळपास पाणीच असतं. पेज द्यायची तर तिच्यात दूध पावडर आणि तूप घाला. अंडी चालत नसतील तर पनीर किंवा फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ वाढवा. कच्चं अंडं कधीच नको. मधुमेह असेल तर गूळ वगळा, आणि उलटी होऊ नये म्हणून देतात त्या डेक्सामेथासोनने साखर चढते, म्हणून घरी मोजत राहा.

नाचणीला मोड आणून, वाळवून, मंद आचेवर हलकी भाजून दळा. मोडांमुळे तिचा चिकटपणा तुटतो, पीठ जास्त घालूनही लापशी पातळ राहते. ती घोटाघोटाने गिळायला सोपी जाते आणि नाकातल्या नळीतही अडकत नाही.

नळीचा विषय आत्ताच काढा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात नाकातून राईल्स ट्यूब घालायची वेळ येऊ शकते. ती तात्पुरती असते आणि वेळेवर घातली तर लाईट चुकत नाहीत. एका वेळी २०० ते २५० मिली, गाळून, कोमट, दर दोन तासांनी. देताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास पाठ उंच ठेवायची. दर वेळी नाकपुडीपाशी नळीची खूण तिथेच आहे ना बघायचं. सरकली असेल तर काहीही न घालता दवाखान्यात. शेवटी ३० ते ५० मिली साधं पाणी. गोळ्या अन्नात कालवू नका, वेगळ्या विरघळवून द्या, आणि कुठली गोळी कुटायची नाही तेही विचारून ठेवा. नळी असली तरी डॉक्टरांची मनाई नसेल तोवर तोंडाने पाण्याचे घोट चालू ठेवा, नाहीतर गिळण्याचे स्नायू विसरतात.

सावली_देणारं_झाड

जागेचं आधी. लाईट जवळ घेता येतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात रेडिएशनची सोय आहे आणि जालन्याहून ते सर्वांत सोयीचं. मुंबईच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि पत्र मागा. सोबत ऑपरेशनची नोंद, बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट, ऑपरेशनआधीच्या स्कॅनची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड हवं. उद्याच एकाने जाऊन तिथे मशीनची तारीख कधीची मिळते ते बघा. महिनाभराची रांग असेल तर मुंबईच बरी, कारण वर सांगितलेले सहा आठवडे महत्त्वाचे. मुंबईत राहायचं तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे रुग्णालयाच्या पत्रावर चौकशी करा, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटून. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत लाईट आणि केमो दोन्ही बसतात. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) भेटा. मंजुरी उपचाराच्या आधी घ्यायची असते, खर्च करून झाल्यावर परत मिळेल या भरवशावर राहू नका. ऑपरेशन याच योजनेत झालं असेल तर या वर्षाची किती रक्कम उरली आहे तेही विचारा.

आता बाबा. 'पैसे घालवू नका' हे त्यांचं म्हणणं खर्चाइतकंच अपराधीपणाचं आहे. 'तसं काही नाही' म्हणून उडवून लावू नका, त्यांना ते खोटं वाटेल. तंबाखूने झालं हे बहुधा खरं आहे आणि ते त्यांना ठाऊक आहे. असं म्हणा: 'बाबा, तंबाखूची सवय लागते, सोडणं सोपं नसतं. आता डॉक्टर बरं करण्यासाठीच लाईट देतायत, आणि खर्चाचं हे असं ठरवलंय.' मग योजनेचा कागद त्यांच्या हातात द्या. आकडा समोर दिसला की निम्मी भीती उतरते. निर्णयाच्या वेळी त्यांना खोलीत ठेवा. बोलता येत नाही म्हणून डॉक्टर घरच्यांशीच बोलतात आणि माणूस स्वतःच्या आजारात पाहुणा होतो. प्रश्न त्यांनी पाटीवर लिहावेत, डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून उत्तर द्यावं, एवढं तुम्ही नम्रपणे सांगू शकता.

रोज एक काम त्यांचंच राहू द्या: काड्यांचा आकडा लिहिणं, गुळण्यांचं पाणी करणं. भेटायला येणाऱ्यांना वेळ ठरवून द्या, आणि ज्यांच्या बोलण्याने ते खचतात त्यांना फोनवरच थांबवा. नातवंडं असतील तर मांडीवर बसू द्या. हा आजार लागत नाही आणि बाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत.

झोप उडाली, 'मी नसलेलंच बरं' असं लिहू लागले, तर ते रागाचं समजून सोडू नका. सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं ठेवू नका, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालतो.

मोसंबी_जालना

सगळ्यांचे आभार. दाढांची वेळ उद्याची घेतली. एक विचारायचं राहिलं. तंबाखू बंद आहे, पण सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात. जाळलेली असते, तेवढी चालेल का?

वॉर्ड_सात

नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तो थेट त्याच हिरडीवर घासला जातो. लाईट चालू असताना तंबाखू कुठल्याही रूपात असला तर जखमा चिघळतात आणि उपचाराचा फायदा कमी होतो. तोंडात ऑपरेशन झालंय, त्यामुळे निकोटिनचं च्युइंगम जमणार नाही. पॅच चालेल का ते डॉक्टरांना विचारा. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत क्विटलाइन आहे, मराठीतही बोलतात. बाबांना बोलणं कठीण असेल तर फोन स्पीकरवर ठेवून त्यांची पाटी तुम्ही वाचून दाखवा. पोटासाठी सकाळी उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी, आणि तेवढ्याने भागलं नाही तर इसबगोल न देता डॉक्टरांकडून लॅक्टुलोज घ्या. इसबगोल फुगतो, घशात आणि नळीत अडकतो.