रि: हाफ डोमची लॉटरी आणि पार्कला पाठवायचं पत्र

प्रेषक: सहल समिती

मंडळी नमस्कार,

दोन गोष्टी. हाफ डोमच्या (योसेमिटी पार्कातला, शेवटी तारा धरून चढायचा डोंगर) परमिटची लॉटरी १ मार्चला उघडते आणि ३१ ला बंद होते. ज्यांना यायचंय त्यांनी प्रत्येकाने फॉर्म भरा, पण लीडर म्हणून सगळ्यांनी माझंच नाव टाका, म्हणजे कुणाचाही नंबर लागला तरी ग्रुप एकच राहील. दुसरं म्हणजे योसेमिटीतली गर्दी, गाडी आत न्यायचं रिझर्वेशन वगैरेबद्दल पार्कवाले लोकांची मतं मागवतात, तिथे मंडळातर्फे एक पत्र देऊया. ड्राफ्ट जोडलाय. तुम्ही फक्त "सहमत" लिहा, मी सगळी नावं गोळा करून एका पीडीएफमध्ये घालून पाठवतो. दीडशे नावं झाली तर वजन पडेल.

---

प्रेषक: काका

सहमत.

पण खरं सांगू का, ह्याने काही होणार नाही. मी १९९४ ला गेलो होतो तेव्हा पहाटे गाडी लावली, चढलो, तारांना धरून वर गेलो, उतरलो, कोणी विचारलं पण नाही. आता डोंगर चढायला पण लॉटरी! दिवसाला तीनशेच माणसं का, तर म्हणे आम्ही ठरवलं. निर्णय आधीच झालेला असतो हो, कमेंट-बिमेंट सगळं दाखवायला.

---

प्रेषक: ताई (मागच्या वर्षी चिठ्ठी लागलेली)

दादा, कृपा करून तसे फॉर्म भरायला सांगू नका!! एका माणसाचं नाव लीडर किंवा ऑल्टरनेट (लीडर नसला तर त्याच्या जागी चालणारा) म्हणून एकाच अर्जावर चालतं, दोन अर्जांवर सापडलं की सगळेच अर्ज बाद. म्हणजे तुमच्या नावाने वीस फॉर्म गेले तर वीसही गेले, आणि प्रत्येकी १० डॉलर अर्जाची फी परत मिळत नाही ती वेगळीच. एका अर्जावर जास्तीत जास्त सहा जण, त्यामुळे सहा-सहाचे गट करा आणि प्रत्येक गटाचा लीडर वेगळा आणि ऑल्टरनेट पण वेगळा.

आणि ऑल्टरनेटचा रकाना रिकामा ठेवू नका, हे मी अनुभवाने सांगतेय. मागच्या वर्षी लीडर आमचे हे होते, दुसरं नाव टाकायचं राहूनच गेलं. वाटेतल्या नेवाडा फॉल धबधब्याच्या वर पोचलो आणि ह्यांच्या पोटऱ्यांना असे गोळे आले की पाऊल टेकवेना, मग हे म्हणाले तुम्ही व्हा पुढे, मी बसतो. आम्ही पाच जण सबडोमच्या (तारांच्या आधीचा छोटा घुमट) पायथ्याशी गेलो, तिथे रेंजरबाई उभी. फोनवरचं परमिट बघितलं, आयडी मागितलं, विचारलं ह्यातलं हे नाव कुणाचं? आम्ही एकमेकांकडे बघतोय. बाई बोलायला अगदी गोड होती पण नाही म्हणजे नाही. पहाटे चारला निघालेली माणसं, समोर तारा दिसतायत, त्यावरून मुंग्यांसारखी माणसं चढतायत, आणि आम्ही दगडावर बसून डबा उघडला. खाली येईपर्यंत ह्यांच्याशी कोणी बोललं नाही.

आता पत्राचं. तिथेही गडबड तीच आहे. पार्क सर्व्हिसच्या (पार्कं चालवणारं सरकारी खातं) नोटिसांमध्ये बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं की दुसऱ्यांच्या वतीने गठ्ठ्याने दिलेल्या कमेंट घेतल्या जाणार नाहीत, मग त्या कागदावर असोत की ऑनलाइन. शिवाय ते मतदान नसतं. आपण मराठीत दोन्हीला "मत"च म्हणतो ना, तिथे घोळ होतो. दीडशे जणांनी "सहमत" लिहिलं तर त्यांच्या हिशोबात मुद्दा एकच. त्यांना बघायचं असतं की प्लॅनमध्ये काय सुटलंय, कुठली माहिती चुकलीय, कुठला दुसरा पर्याय त्यांनी बघितलाच नाही. आपल्या ड्राफ्टमध्ये "निसर्गाचे जतन व्हावे व सर्वांना संधी मिळावी" असं आहे, ह्याला कोण नाही म्हणेल, आणि हे वाचून कोण काय बदलेल?

काका, तुमच्या तीनशेबद्दल. तो आकडा आभाळातून पडलेला नाही. परमिट नव्हती तेव्हा सुट्टीच्या दिवशी हजार-बाराशे माणसं त्या तारांवर यायची, चढणारे उतरणारे एकाच जागेतून, वर ढग आले तरी खाली यायला वाट नाही. २०१० ला आधी फक्त शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांना परमिट लावलं, २०११ ला रोज. पण ते तात्पुरतं होतं, त्यानंतर रीतसर अभ्यास झाला आणि २०१२ च्या सुरुवातीला तो लोकांपुढे ठेवला. त्यात पर्याय होते: काहीच करू नका, ४००, ३००, १४०, आणि तारा काढूनच टाका! १९१९ पासूनच्या तारा. म्हणजे "काढून टाका" पण टेबलावर होतं काका. तीनशे त्याच वर्षाच्या शेवटी पक्कं झालं.

आणि आकडा ठरवणं ही त्यांची हौस नाही. १९७८ च्या कायद्यानेच सांगितलंय की पार्कच्या मुख्य आराखड्यात किती माणसं झेपतील हे आलं पाहिजे.

काहीच होत नाही म्हणाल तर २०१७ आठवा. सतरा पार्कांमध्ये सीझनला प्रवेश फी गाडीमागे ७० डॉलर करायचं म्हणत होते, लाखावर कमेंट गेल्या, २०१८ ला तो प्रस्ताव गुंडाळला आणि ३५ वर आले. आता तुम्ही म्हणाल, इथे तर संख्याच उपयोगी पडली. पडली, संख्येचा धाक असतोच, मी नाही म्हणत नाही. पण त्या भरवशावर पीडीएफ पाठवू नका.

एक कळीचं: कमेंटमध्ये पत्ता, फोन घालू नका, आख्खी कमेंट पब्लिक होऊ शकते.

---

प्रेषक: काका

बरं. माझं "सहमत" मागे घेतो.

पण मग आम्ही काय लिहायचं? आम्ही दोघं सत्तरीच्या पुढचे, हाफ डोम आता पोस्टरवरच. आमची तक्रार रिझर्वेशनची आहे. २०२२ ला होतं, २०२३ ला नव्हतं, २०२४ ला परत आलं, दर वर्षी नवीन तारखा आणि नवीन वेळा. पाठ करून ठेवलेलं सगळं वाया. हे असलं घरगुती चालतं का तिथे?

---

प्रेषक: ताई

काका हेच चालतं!! घरगुतीच लिहा. फक्त "गैरसोय होते" एवढ्यावर थांबू नका, कुणाची, कुठे, किती वाजता, आणि त्याऐवजी काय करावं.

---

प्रेषक: काका

हे बघा, नातवाकडून इंग्रजी करून घेईन, आधी मराठीत:

"२०२५ ला उन्हाळ्यात सकाळी ६ ते दुपारी २ रिझर्वेशन लागत होतं. सहाच्या आत आत शिरायचं तर आम्हाला रात्री दीडला घर सोडावं लागतं. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, अंधारात त्या वळणांवर मी गाडी चालवत नाही. दोननंतर गेलो तर खाली व्हॅलीत पार्किंगला जागा नसते, आणि लांब लावली तर बायकोच्या गुडघ्याला तेवढं चालवत नाही. तेव्हा सकाळच्या रिझर्वेशनातला थोडा हिस्सा म्हाताऱ्यांसाठी वेगळा ठेवा, तो फोनवरून मिळू दे, आणि तारखा हिवाळ्यातच जाहीर करा. शटलच्या स्टॉपवर बाकं वाढवा. मागच्या वेळी ती पाऊण तास कठड्याला टेकून उभी होती."

बाकांचं ठेवू का काढू? बायको म्हणते ठेवा.

---

प्रेषक: सहल समिती

बाकांचं नक्की ठेवा काका. पत्र रद्द, ड्राफ्ट डिलीट करा. ज्यांनी माझं नाव टाकून फॉर्म आधीच भरलेत (दोघांचे मेसेज आलेत, मी त्यातच गार झालो) त्यांनी आज रात्रीच्या आत मला फोन करा. आणि सहाचे गट पाडतोय, ऑल्टरनेट कोण ते नावानिशी कळवा. पोटऱ्यांचा इतिहास असलेल्यांनी लीडर होऊ नये.