फॅशन डिझाइनची शिष्यवृत्ती : पैसे शुल्काला द्यावेत की कापडाला?

मांजरपाट (मूळ लेख; पुढे टोपणनावांनी आलेल्या प्रतिक्रिया)

आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने 8 जुलै 2024 रोजी घेतला. तेव्हापासून फॅशन डिझाइनकडे वळणाऱ्या मुलींचे पालक आपलेही शुल्क माफ झाले असे धरून चालतात. प्रत्यक्षात ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेऱ्यांतून झालेल्या प्रवेशांनाच आहे, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. पुण्यात डिझाइनची पदवी म्हटल्यावर जी नावे चटकन तोंडी येतात, म्हणजे विमाननगरची सिंबायोसिस किंवा लोणी काळभोरची एमआयटी-एडीटी, ती नेमकी याच दोन प्रकारांत मोडतात. निफ्टचे, म्हणजे केंद्र शासनाच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, केंद्र पुण्यात नाही. जवळचे केंद्र खारघरला आहे आणि तेथील चार वर्षांचे शुल्क दहा लाखांच्या पुढे जाते, जरी उत्पन्नावर आधारित शुल्क-साहाय्याची निफ्टची स्वतःची योजना असली तरी.

यावर सर्वत्र एकच मागणी ऐकू येते, ती ही की शुल्कमाफी खासगी विद्यापीठांनाही लागू करावी. मला ही मागणी चुकीच्या टोकाला लागलेली वाटते. मी पॅटर्न मेकिंग (पोशाखाच्या तुकड्यांचे आराखडे काढणे) आणि ड्रेपिंग (पुतळ्यावर कापड बसवून आकार देणे) शिकवते, आणि हुशार मुले मागे पडताना मी जी पाहिली आहेत ती बहुधा साहित्यापायी पडली. शुल्काची सोय कर्ज काढून, दागिने मोडून, मामाकडून घेऊन एकदाची होते. साहित्याचा खर्च मात्र दर आठवड्याला उभा राहतो. बाह्या आणि गळा मनासारखा बसेपर्यंत एकाच पोशाखाचा नमुना मांजरपाटात दोन-तीनदा कापावा लागतो, प्रत्येक वेळी चार-पाच मीटर कापड जाते, आणि हे सारे खरे कापड हाती घेण्याच्या आधीचे असते. पुढे अस्तर, कॅनव्हास, चेन, बटणे, भरतकामाचे साहित्य, पॅटर्नचा कागद आणि शेवटच्या वर्षीचे संपूर्ण कलेक्शन. रविवार पेठेतील कापडगंजात आणि बोहरी आळीत घासाघीस करूनही हा हिशेब आटोक्यात येत नाही. ज्याला दुसरा नमुना कापणे परवडत नाही तो पहिल्याच नमुन्यावर थांबतो, आणि परीक्षकाला त्यात कल्पकतेचा अभाव दिसतो.

आता आपल्या योजना याकडे कशा पाहतात ते बघा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000 असे वर्षाला 60,000 रुपये मिळतात. योजना चांगली आहे, तिच्यावर अनेकांची शिक्षणे झाली आहेत. परंतु शैक्षणिक साहित्यासाठी जी वेगळी रक्कम आहे ती वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला 5,000 आणि 'अन्य शाखां'तील विद्यार्थ्याला 2,000 रुपये आहे. फॅशन डिझाइन अर्थातच अन्य शाखांत जमा होते. दुसरीकडे, 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांमध्ये शिंपीकाम आहे आणि त्यात हत्यारांसाठी 15,000 रुपयांची तरतूद आहे. सुईवर पोट भरणाऱ्याला हत्यारे लागतात हे शासनाला मान्य आहे. सुईचे शिक्षण घेणाऱ्याला ती लागतात हे अजून मान्य व्हायचे आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, जो काही अतिरिक्त निधी उपलब्ध होईल तो शुल्कमाफीची व्याप्ती वाढवण्याऐवजी साहित्यभत्त्यावर खर्च व्हावा, आणि हा भत्ता सत्राच्या आरंभी हातात पडावा. वर्ष सरता सरता येणाऱ्या हप्त्याने कापड विकत घेता येत नाही.

धायरीकर

आपला अनुभव मी नाकारत नाही, पण तो वर्गात पोहोचलेल्या मुलांचा अनुभव आहे. ज्या वर्गात पोहोचल्याच नाहीत त्या मुली आपल्याला दिसणार कशा? माझ्या थोरल्या मुलीने दोन वर्षांपूर्वी डिझाइनची प्रवेश परीक्षा चांगल्या गुणांनी दिली होती. प्रवेश मिळत होता, उत्पन्न मर्यादेत होते, प्रवर्गाचा दाखला तयार होता, आणि केवळ संस्था स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ असल्यामुळे शुल्कमाफी नव्हती. तिच्या वर्गमैत्रिणीने कॅपमधून अभियांत्रिकी घेतली आणि तिला एक रुपयाही शिक्षण शुल्क पडले नाही. दोघींच्या घरची परिस्थिती एकसारखीच होती. माझी मुलगी आज वाणिज्य शाखेत आहे. कापड उसने मिळते, जुन्या साड्यांवर सराव करता येतो, आमच्या लहानपणी आई तेच करत असे. पण प्रवेश उसना मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. 'मामाकडून घेऊन शुल्काची सोय होते' हे वाक्य मला फार सैल वाटले. ज्यांच्या घरात असा मामा आहे त्यांची सोय होते. शुल्काचा डोंगर साहित्याच्या खर्चाच्या कित्येक पट असताना आधी साहित्याचा प्रश्न सोडवा म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. डिझाइनच्या जागा प्रामुख्याने खासगी विद्यापीठांत वाढल्या, यात विद्यार्थिनींचा काय दोष?

कोथरूडचा लेखापाल

धायरीकरांची व्यथा खरी आहे, पण त्यांची मागणी मान्य केल्यास पैसे मुलींच्या नव्हे तर संस्थांच्या खात्यात जातील, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश व शुल्क यांच्या नियमनासाठी राज्यात 2015 चा कायदा आहे आणि त्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण शुल्क ठरवून देते. शासन ज्याची भरपाई करते त्याची रक्कम शासनाच्याच यंत्रणेने तपासलेली असते, हा त्या व्यवस्थेचा पाया आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठांच्या शुल्कावर या प्राधिकरणाचा असा हात नाही. तेथे शुल्कमाफी लागू करणे म्हणजे रकमेचा रकाना मोकळा ठेवून धनादेशावर सही करणे होय. पुढच्याच वर्षी शुल्क वाढेल आणि प्रवर्गाबाहेरील किंवा उत्पन्नमर्यादा थोडक्यात ओलांडलेल्या कुटुंबांना ते स्वतःच्या खिशातून भरावे लागेल.

मूळ लेखिकेच्या प्रस्तावावरही माझा आक्षेप आहे. साहित्यासाठी वेगळा भत्ता हवा असे त्या म्हणतात, पण तसा पैसा अंशतः उपलब्ध आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थांतील तांत्रिक पदवी व पदविकेच्या मुलींसाठी आहे. तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील दोन मुलींपर्यंत प्रत्येकीला वर्षाला 50,000 रुपये मिळतात, आणि ते शुल्कासाठीच वापरले पाहिजेत असे बंधन नाही. संगणक, पुस्तके, साहित्य यांवर ते खर्च करता येतात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सक्षम नावाची तितक्याच रकमेची योजना आहे. आणि पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात, म्हणजे गणेशखिंडीत, ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंग या विषयाची पदविका शिकवली जाते. शासकीय शुल्क, वर प्रगतीचे 50,000. या वाटेने जाणारी मुलगी कापडावाचून अडेल असे मला वाटत नाही. पण पालकांना पदविका हा शब्द कमीपणाचा वाटतो, पदवीच हवी असते, तीही चकचकीत आवारातील, आणि मग शिष्यवृत्ती नाही म्हणून आपण चर्चा करत बसतो.

सुई-दोरा

पदविकेबद्दलचे मत मी पदविकाधारक म्हणून उचलून धरते. कारखान्यात मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे कसे बसवायचे याची आखणी, बनवणे, कापडाचा खप काढणे, शिलाईच्या क्रमाचे नियोजन या गोष्टी मला तेथेच शिकवल्या गेल्या, आणि नोकरी त्यांच्याच बळावर मिळाली. मात्र लेखापाल महोदयांनी चित्र फार गुळगुळीत रंगवले आहे. प्रगतीच्या शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते, निवड गुणवत्तेनुसार होते आणि अर्ज केला म्हणजे रक्कम मिळाली असे नसते.

पुणे महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्यांनी एक अर्ज विसरू नये. बारावीत सर्वसाधारणपणे 80 टक्के गुण असल्यास लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने 25,000 रुपयांचे अर्थसाहाय्य मिळते. दहावीनंतरचे मौलाना आझाद यांच्या नावाचे 15,000 रुपयांचे आहे. ते एकदाच मिळते, पण पहिल्या वर्षाचे शिवणयंत्र त्यात येऊ शकते.

हिशेबी पालक

शिष्यवृत्तीवर इतका खल कशासाठी, हे मला कळत नाही. हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, त्यातून उत्पन्न मिळणार आहे, तर कर्ज घ्यावे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय कर्ज आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, हे माझे अनुभवाचे मत आहे.

मांजरपाट

हिशेबी पालकांना आधी उत्तर देते, कारण ते सोपे आहे. विद्यालक्ष्मी योजना सर्व संस्थांना लागू नाही. ती मुख्यतः राष्ट्रीय क्रमवारीतील, म्हणजे एनआयआरएफमधील वरच्या संस्थांना आणि केंद्र शासनाच्या संस्थांना आहे. त्या क्रमवारीत अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण, विधी, वास्तुकला असे गट आहेत. डिझाइनचा गट नाही. निफ्टसारख्या केंद्रीय संस्थेचा विद्यार्थी केंद्राच्या दारातून आत जाईल, मोठ्या विद्यापीठाचा एक विभाग म्हणून चालणारी डिझाइन शाळा त्या विद्यापीठाच्या क्रमांकावर तरेल, आणि केवळ डिझाइन शिकवणारी स्वतंत्र संस्था कितीही चांगली असली तरी तिला क्रमांक मिळवायला जागाच नाही. राहिली फुकटच्या शिक्षणाची किंमत. ज्या शहरात वार लावून जेवून मुले शिकली आणि ज्या शहरात 1955 पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवण्याचा भार वाहते आहे, तेथे हे वाक्य जपून वापरावे.

लेखापाल महोदयांचा शुल्क नियमनाचा मुद्दा मला मान्य आहे, किंबहुना शुल्कमाफीच्या विस्ताराला माझा विरोध त्याच कारणासाठी आहे. पण प्रगती शिष्यवृत्तीने साहित्याचा प्रश्न मिटतो हे त्यांचे म्हणणे अर्धेच लागू पडते. ती मुलींसाठी आहे. शिंप्याचा मुलगा, ज्याने बापाच्या यंत्रावर बसून काज-बटण शिकले आणि ज्याला आता पॅटर्न मेकिंग शिकायचे आहे, त्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेतून कॅपच्या प्रवेशावर शिक्षण शुल्काचा अर्धा भाग मिळेल. साहित्याचे नाव तेथे नाही. फॅशन डिझाइन हा मुलींचाच विषय आहे असे धरून चालल्याचा हा परिणाम असावा, असा मला संशय आहे.

धायरीकर

शुल्क नियमनाचा आक्षेप टाळण्याचा मार्ग आहे. खासगी विद्यापीठात शिकणाऱ्या पात्र मुलीला शासनाने तिथले पूर्ण शुल्क देऊ नये; प्राधिकरणाने त्याच अभ्यासक्रमासाठी कॅपमधील महाविद्यालयांना जे शुल्क ठरवून दिले असेल तेवढीच रक्कम तिच्या खात्यात जमा करावी. उरलेला फरक कुटुंबाने भरावा. रक्कम शासनाच्या मर्यादेत राहते आणि मुलीसमोरचा डोंगर निम्म्यावर येतो. डिझाइनच्या पदवीसाठी 2024 पासून राज्याची स्वतंत्र सीईटी सुरू झाली आहे, तेव्हा तुलनेसाठी आकडे उपलब्ध आहेत.

शनिवारवाडा

विषय निधीचाच आहे म्हणून एक भर. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीला संस्था जागतिक क्यूएस क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये असावी लागते. कला व डिझाइन या विषयाच्या क्यूएस यादीत रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडन ही नावे सातत्याने अग्रस्थानी असतात, पण एकाच क्षेत्राला वाहिलेल्या संस्था असल्याने त्या सर्वसाधारण यादीत नसतात. म्हणजे फॅशनसाठी जगात नावाजलेल्या ठिकाणी प्रवेश मिळवलेला विद्यार्थी निकषातच बसत नाही. विषयनिहाय यादी ग्राह्य धरली तर प्रश्न सुटेल, आणि त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जास्तीचा जाणार नाही.

कोथरूडचा लेखापाल

विषयनिहाय क्रमवारीची सूचना योग्य आहे. धायरीकरांचा तोडगा पूर्वीच्या मागणीपेक्षा बराच बरा आहे, परंतु शासनाकडून अमुक रक्कम निश्चित येणार हे कळल्यावर फरक वाढवण्यापासून संस्थेला कोण रोखणार, हे त्यांनी सांगितलेले नाही. तोच पैसा गणेशखिंडीतील पदविकेच्या जागा वाढवायला आणि शासकीय संस्थेत पदवीचा वर्ग सुरू करायला वापरावा, हे माझे मत कायम आहे.

मांजरपाट

शासकीय पदवीचा वर्ग सुरू झाला तर मी तेथे शिकवायला आनंदाने येईन, पण तो सुरू होईपर्यंत आज वर्गात बसलेल्यांचे काय? स्वाधारमधील 'अन्य शाखां'च्या यादीतून डिझाइन बाहेर काढून त्याला अभियांत्रिकीच्या बरोबरीने 5,000 रुपये द्यायला नवी योजना नको, नवे पोर्टल नको, शासन निर्णयातील एक ओळ पुरे. तेवढ्यासाठी समाजकल्याण आयुक्तालयाला लिहिण्याचा मसुदा मी तयार करते आहे. साहित्याच्या खर्चाच्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या जपून ठेवाव्यात.

कोथरूडचा लेखापाल

मसुद्यावर सही करीन. मात्र पावत्या जोडताना कापडाच्या आणि शिवणावळीच्या वेगळ्या ठेवा. शेवटच्या वर्षाचे कलेक्शन बाहेरच्या कारागिराकडून शिवून घेतलेले असते, आणि तो खर्च साहित्यात धरायला मी तयार नाही.