प्रिंट स्क्रीनची की नक्की कोणाच्या ताब्यात आहे? शॉर्टकटच्या गोंधळात मदत हवी आहे

नमस्कार.

एका हिशेबाच्या प्रोग्रॅमची सचित्र मार्गदर्शिका तयार करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. ज्यांनी संगणकावर कधीच हिशेब ठेवलेला नाही अशा सहकाऱ्यांसाठी ती आहे, त्यामुळे प्रत्येक पायरीला चित्र लागतं. दिवसाला तीस-चाळीस स्क्रीनशॉट सहज होतात. त्यासाठी मी वेगळं टूल वापरते, कारण बाण, चौकटी, आकडे तिथल्या तिथे टाकता येतात. विंडोज ११ आहे.

प्रिंट स्क्रीन दाबल्यावर माझ्या टूलची निवडचौकट यायला हवी. सोमवारी आली. मंगळवारी तीच की दाबली तर विंडोजची स्वतःची पट्टी वर आली. बुधवारी काहीच दिसलं नाही म्हणून पाच-सहा वेळा दाबत राहिले. संध्याकाळी कळलं की क्लाउडवर फाइली ठेवणाऱ्या एका प्रोग्रॅमने ती सगळी चित्रं आपल्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली होती. मधल्या काळात मी एकही सेटिंग बदललेली नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त लागली. टूलमध्ये 'फक्त चालू विंडो'साठी मी कंट्रोल + शिफ्ट + एस ठेवलं होतं. चित्रांवर काम करायच्या प्रोग्रॅममध्ये तोच शॉर्टकट 'सेव्ह अ‍ॅज'चा आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही. सवयीने दाबला, नाव विचारणारी विंडो आली नाही, स्क्रीन क्षणभर लुकलुकली. मला वाटलं झालं सेव्ह. पुढे साध्या कंट्रोल + एसने काम साठवत गेले आणि मूळ कोऱ्या चित्रांवर बाण-चौकटींसकट नवी चित्रं बसली. अशी अकरा चित्रं गेली. त्यांतल्या नोंदी चाचणीच्या खात्यातून पुसूनही टाकल्या होत्या, म्हणजे पुन्हा नोंदी भरण्यापासून सुरुवात. त्या दिवशी खरंच रडू आलं.

मग टूलला कंट्रोल + ऑल्ट + डब्ल्यू दिलं. टूल सांगतं, हा शॉर्टकट आधीच वापरात आहे. दाबून पाहिलं तर शब्दकोश उघडतो, आणि शब्दकोशाच्या सेटिंगमध्ये शॉर्टकटचं पानच नाही.

टूल काढून परत टाकून झालं, संगणक अनेकदा रीस्टार्ट करून झाला. मला एवढंच हवंय: कोणती की कोणी धरून ठेवली आहे हे कसं ओळखायचं, रोज वेगळं का घडतं, आणि कोणालाच नको असलेली की कोणती. शिवाय उघडलेल्या मेनूचा फोटो घ्यायला गेलं की मेनू मिटतो, त्यावरही कोणाकडे उपाय असेल तर सांगा.

प्रतिसाद

आधी 'रोज वेगळं का' ते सांगतो, कारण बाकीचं त्यातच आहे.

शॉर्टकट दोन प्रकारचे असतात. एक प्रोग्रॅमच्या आतला: तो प्रोग्रॅम समोर असेल तेव्हाच चालतो. दुसरा सगळीकडे चालणारा: त्यासाठी प्रोग्रॅम विंडोजकडे 'ही जोडी दाबली की मला कळव' अशी नोंद करतो. या नोंदणीचा नियम साधा आहे, जो आधी येईल त्याची की. नंतर आलेल्याची नोंद नाकारली जाते. काही टूल्स तसं सांगतात, बरीचशी गप्प राहतात. शेअरएक्स या स्क्रीनशॉटच्या मोफत टूलमध्ये प्रत्येक शॉर्टकटशेजारी हिरवा किंवा लाल रंग दिसतो. लाल म्हणजे नोंद झाली नाही.

संगणक सुरू होताना तुमचं टूल, क्लाउडचा प्रोग्रॅम आणि विंडोज यांच्यात कोण आधी जागं होतं हे रोज सारखं नसतं. म्हणून सोमवार वेगळा आणि बुधवार वेगळा. रीस्टार्टने हे सुटत नाही, शर्यत फक्त नव्याने लागते.

सगळीकडे चालणारा शॉर्टकट समोरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचण्याआधीच उचलला जातो. तुमची अकरा चित्रं नेमकी तिथेच गेली. कंट्रोल + शिफ्ट + एस स्क्रीनशॉट टूलला कधीही देऊ नका. जिंप आणि फोटोशॉपमध्ये ते 'सेव्ह अ‍ॅज' आहे, फायरफॉक्समध्ये त्याच्या स्वतःच्या स्क्रीनशॉटचं.

प्रिंट स्क्रीनसाठी दोन ठिकाणी जा. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड: तिथे प्रिंट स्क्रीनने स्क्रीन कॅप्चर उघडण्याचा पर्याय आहे, तो बंद करा. २०२३ च्या अपडेटपासून विंडोज ११ मध्ये तो मुळातच चालू असतो. त्याने विंडोजचा स्क्रीनशॉट जात नाही. विंडोज + शिफ्ट + एस चालूच राहतं. मग क्लाउडच्या प्रोग्रॅममध्ये 'स्क्रीनशॉट आपोआप साठवा' अशा अर्थाचा पर्याय शोधून तोही बंद करा. नंतर साइन आउट करून परत या.

शब्दकोशाचं: डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत त्याचा आयकॉन आहे का? राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'शॉर्टकट की' हा रकाना बघा. तिथे एक अक्षर दाबलं की विंडोज त्याला आपोआप कंट्रोल + ऑल्ट जोडतं. शब्दकोशाला स्वतःला याचा पत्ताही नसतो, म्हणून त्याच्या सेटिंगमध्ये काही सापडत नाही. रकान्यात बॅकस्पेस दाबा, 'नन' दिसलं की ओके.

प्रतिसाद

वरच्याला जोडून. कोणती की कोणी धरली आहे याची नावासकट यादी विंडोज देत नाही. हॉटकीज-लिस्ट नावाचं छोटं मोफत साधन आहे, त्यात कोणत्या जोड्या अडकल्या आहेत ते दिसतं, पण मालक दिसत नाही. मालक शोधायची माझी रीत जुनीच आहे: घड्याळाशेजारच्या आयकॉनांमधले अर्धे प्रोग्रॅम बंद करायचे, की दाबून बघायची, उरलेल्यांतले पुन्हा अर्धे. सोळा प्रोग्रॅम असले तरी चार फेऱ्यांत सापडतो. काही प्रोग्रॅम नोंद न करता कीबोर्डवर थेट पाळत ठेवतात, ते त्या यादीत येतच नाहीत. ही रीत त्यांनाही पकडते.

कोणती की घ्यावी यावर माझं मत ठाम आहे: अक्षरांच्या वाटेला जाऊ नका. प्रिंट स्क्रीन, कंट्रोल + प्रिंट स्क्रीन, शिफ्ट + प्रिंट स्क्रीन, या घराण्यातच राहा. ऑल्ट + प्रिंट स्क्रीन विंडोज स्वतः चालू विंडोसाठी वापरतं, ते तसंच राहू द्या. एफ१२ टाळा, ती डीबगरसाठी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या साधनासाठी, राखीव आहे. विंडोज की असलेल्या जोड्या सिस्टिमच्या.

आणि कंट्रोल + ऑल्ट + अक्षर हे मोकळं दिसतं, पण नसतं. ज्या कीबोर्डवर उजवा ऑल्ट म्हणजे ऑल्ट-जीआर असतो, तिथे विंडोज त्याला कंट्रोल + ऑल्टच समजतं. जर्मन कीबोर्डवर ऑल्ट-जीआर + क्यू दाबून @ काढतात. तिथे कोणी कंट्रोल + ऑल्ट + क्यू स्क्रीनशॉटला दिलं की ईमेलचा पत्ता लिहिताना स्क्रीनशॉट निघणार. तुमची मार्गदर्शिका इतर कीबोर्डांवरही वापरली जाणार असेल तर हे त्यात लिहा.

मेनू मिटतो कारण शॉर्टकटमधल्या ऑल्टने मेनू बंद होतो. एकटी प्रिंट स्क्रीन बहुतेकदा चालते. नाहीतर उशिराचा फोटो घ्या: विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये ३, ५ आणि १० सेकंदांचा उशीर ठेवता येतो. ५ ठेवा आणि मेनू उघडून थांबा.

प्रतिसाद

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये आवृत्ती ४२ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रिंट स्क्रीन ग्नोमच्या स्वतःच्या स्क्रीनशॉटकडे असते. वेलँडवर (स्क्रीन आणि कीबोर्ड सांभाळणारी लिनक्सची नवी व्यवस्था) एखाद्या टूलला परस्पर की पकडताही येत नाही. सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर आधी ग्नोमची नोंद मोकळी करायची, मग स्वतःचा शॉर्टकट बनवून त्यात टूलची आज्ञा लिहायची. टूलच्या सेटिंगमध्ये तास घालवू नका, मी घालवले आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शब्दकोशाच्या आयकॉनवर खरंच कंट्रोल + ऑल्ट + डब्ल्यू होतं. आता आठवतंय, दोन वर्षांपूर्वी मीच दिलं होतं. अर्धे-अर्धे बंद करून पाहिल्यावर आणखी एक सापडला: व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम कंट्रोल + शिफ्ट + ए धरून बसला होता, आणि मी पुढच्या आठवड्यात तेच टूलला देणार होते.

आता प्रिंट स्क्रीन निवडीसाठी, कंट्रोल + प्रिंट स्क्रीन चालू विंडोसाठी. चार दिवस रोज सकाळी संगणक सुरू करून पहिल्यांदा हेच तपासते आहे, चारही दिवस बरोबर. मूळ चित्रांचं फोल्डर 'फक्त वाचनासाठी' करून ठेवते, म्हणजे चुकून काही दाबलं गेलं तरी त्यांच्यावर दुसरं बसणार नाही. मेनूची चित्रं ५ सेकंदांच्या उशिराने नीट निघाली.

एकच अडचण उरली आहे. दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने पूर्ण स्क्रीन लावून काम करते तेव्हा विंडोज + शिफ्ट + एस दाबलं की फोटो त्या संगणकावर निघतो. मला तो माझ्याकडे हवा.

प्रतिसाद

रिमोट डेस्कटॉप जोडण्याआधी 'शो ऑप्शन्स' उघडा. 'लोकल रिसोर्सेस' या टॅबवर कीबोर्डचा भाग आहे: विंडोजच्या जोड्या कुठे लागू करायच्या. तिथे मुळात 'फक्त पूर्ण स्क्रीन असताना दूरच्या संगणकावर' असं निवडलेलं असतं. ते बदलून 'या संगणकावर' करा. मात्र मग ऑल्ट + टॅबही तुमच्याच संगणकावर चालेल. दूरच्या विंडो बदलायला तिथे ऑल्ट + पेज अप वापरा.