मानेच्या धमनीतला काळा डाग: लोहाचा की कॅल्शियमचा?

प्रश्न:
कॅरॉटिड प्लाकमधला (मानेच्या धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थरातला) दाह पाहण्यासाठी फेरुमॉक्सिटॉल हे लोहाच्या सूक्ष्म कणांचं औषध देऊन एमआरआयचा प्रोटोकॉल आखायचा आहे. मशीनच्या चुंबकाची ताकद ३ टेस्ला. ७० किलोच्या माणसाला डोस किती, स्कॅन किती तासांनी? आणि कॅल्शियमही काळंच दिसतं, मग लोहाचे कण ओळखायचे कसे?

प्रतिसाद १:
नुसत्या नंतरच्या स्कॅनवरून ओळखताच येत नाहीत. कॅल्शियम काळं, जुन्या रक्तस्रावातलं हिमोसिडेरिन (रक्तातून उरलेलं लोह) काळं आणि दाहाच्या जागी जमणाऱ्या भक्षकपेशींनी गिळलेलं औषधातलं लोहही काळं. औषधाआधीचा स्कॅन हवाच. दोन्ही वेळा चार-पाच इको (थोड्या थोड्या वेळाने टिपलेले सिग्नल) घेऊन टी-टू-स्टारचे, म्हणजे सिग्नल किती लवकर विझतो याचे, नकाशे काढा आणि फरक पाहा. कॅल्शियम दोन्हीकडे सारखंच राहतं. जिथे मुळातच सिग्नल नाही, ते पिक्सेल मात्र वगळा. तिथे आकडेमोड गोंगाटावर चालते आणि काहीही उत्तर येतं.

खरा घोळ दोन्ही स्कॅनच्या जुळवणीत होतो. मान जराशी वळली की स्लाइस (स्कॅनचा काप) दुसरीकडेच पडते. धमनी जिथे दुभागते ती जागा खूण धरून स्लाइस मोजा. कॉइल (मानेजवळचं सिग्नल टिपणारं साधन) तीच, उशीही तीच.

प्रतिसाद २:
पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यावर २०१७ साली आलेल्या एमएथ्रीआरएस अभ्यासात किलोमागे ४ मि.ग्रॅ. लोह दिलं होतं. त्या हिशेबाने २८० मि.ग्रॅ., म्हणजे ३० मि.ग्रॅ./मिलि. च्या द्रावणाचे साधारण ९.३ मिलि. थेट सिरिंजने ढकलू नका. सलाइनमध्ये मिसळून किमान १५ मिनिटांत सोडा, पुढे अर्धा तास रक्तदाबावर लक्ष ठेवा. जीवघेण्या अ‍ॅलर्जीमुळे अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१५ मध्ये यावर चौकटीतला इशारा घातला. शिवाय हे मुळात रक्तक्षयाचं औषध, धमनीच्या इमेजिंगसाठी मंजूर नाही, तसं वापरायचं तर नैतिक समितीची परवानगी आधी.

स्कॅन २४ ते ३६ तासांनी. रक्तातलं अर्धायुष्य सुमारे १५ तास, म्हणजे २४ तासांनीही एक तृतीयांश औषध रक्तातच फिरत असतं. प्लाकमधल्या बारीक नव्या वाहिन्यांतलं तेच लोह दाह म्हणून मोजलं जातं. जमल्यास ३६ च्या जवळ जा.

प्रश्नकर्ता:
नकाशांचं पटलं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू करून सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला तर?

प्रतिसाद २:
नको. फेरुमॉक्सिटॉलचा एमआरआयवरचा परिणाम तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो, म्हणजे तुमचा दुसरा 'आधीचा' स्कॅनच मळलेला असेल. अटोरव्हास्टॅटिन १० आणि ८० मि.ग्रॅ. ची तुलना करणाऱ्या अथेरोमा चाचणीत ६ आणि १२ आठवड्यांनी स्कॅन झाले, पण तिथे लोहाचे कण वेगळे होते.