मदत हवी आहे : घाटावरच्या फोटोत थ्रीडी समई बसवलीय, सावली पटत नाहीये

नमस्कार मंडळी, पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांचा सकाळच्या उन्हातला फोटो आहे, त्यात ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलेली माणसाएवढी पितळी समई ठेवायचीय. कॅमेरा एफस्पायने (फोटोवरून कॅमेऱ्याची जागा नि कोन काढणारं टूल) मॅच केलाय, पायऱ्यांची साधी जॉमेट्री करून शॅडो कॅचर (स्वतः न दिसता फक्त सावली झेलणारा पृष्ठभाग) लावलाय, सन लाइटची दिशा दीपमाळेच्या सावलीवरून घेतलीय, त्यामुळे सावली प्रत्येक पायरीवर बरोबर मोडतीय, ते काम लय भारी झालंय.

अडचण अशी की दीपमाळेची आधीच सावली पडलीय तिथं समईची सावली गेली की तेवढा भाग डबल काळा होतोय. खरं तर तिथं ऊन पोचतच नाही, मग समई अजून काय अडवणार? दीपमाळेची पण डमी जॉमेट्री उभी करून तिची सावली पकडायची, का कंपोझिटिंगमध्ये (फोटो आणि थ्रीडी चित्र एकत्र जोडताना) हातानं मास्क मारून तेवढा भाग झाकायचा? तुम्ही काय करता?

दुसरं, रंग. खऱ्या सावलीत आभाळाचा निळसरपणा आहे, माझी नुसती राखाडी येतीय. कडांचं जमलंय, सूर्य साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो म्हणून सन लाइटचा अँगल ०.५३ अंश ठेवलाय, बुडाशी कड धारदार आणि लांब जाईल तशी मऊ. पण आभाळासाठी स्काय टेक्श्चर (ब्लेंडरमधलं तयार आभाळ) पुरेल, का त्याच वेळेला परत जाऊन स्टीलच्या गोळ्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून एचडीआरआय (चहूबाजूंचा खरा उजेड साठवलेलं चित्र) बनवू? पितळेत घाटाचं प्रतिबिंब पण दिसायला पाहिजे, म्हणून मला गोळाच बरा वाटतोय.

नोड सेटअपचा (ब्लेंडरमधल्या जोडणीचा) स्क्रीनशॉट कुणी टाकला तर फार मदत होईल.