मदत हवी आहे: लिब्रेऑफिसात मराठी टाइप होत नाही, बाकी सगळीकडे होतंय (अर्जंट)

झेरॉक्सवाला_निपाणी
लिनक्स मिंट टाकलंय. फायरफॉक्सात मराठी येतंय, नोटपॅडसारखा जो एडिटर आहे त्यातही येतंय. लिब्रेऑफिसमधलं रायटर उघडलं की फक्त इंग्रजी. खाली पॅनेलवर मराठी निवडलेली दिसते, तरी अक्षरं ए बी सी डीच उमटतात. मशीन बंद करून चालू केलं, फरक नाही. तहसीलदार ऑफिसचे अर्ज करून द्यायचे आहेत, मराठी आणि कन्नड एकाच पानावर. माहीत असेल त्यांनी लगेच सांगा की.

खानापूरकर
मिंट कुठलं, २१ की २२? डेस्कटॉप सिनेमन की एक्सएफसीई? मराठी कशातून टाकताय, आयबस (भाषा टाइप करायचं सॉफ्टवेअर) की नुसता कीबोर्ड लेआउट जोडलाय? रायटर मिंटबरोबर आलेलं आहे की नंतर टाकलंय? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच सांगणार.

अथणीचा_अण्णा
आयबस काढून टाका, त्याच कामाचं एफसीआयटीएक्स ५ घाला. सोबत एफसीआयटीएक्स५-एम१७एन हे भाषांच्या मांडण्यांचं पॅकेज. हलकं आहे, जुन्या मशीनवर अडकत नाही, आणि कुठल्या ॲपमध्ये कुठली भाषा चालू होती हे लक्षात ठेवतं. माझ्या मते मराठी-कन्नड दोन्ही लिहिणाऱ्यानं दुसरं काही वापरूच नये.

झेरॉक्सवाला_निपाणी
मिंट २२, सिनेमन. आयबस आहे. तेवढं सांगितलं तर पुरे ना?

टिळकवाडी_टक्स
नाही पुरत. लॉगिनच्या पडद्यावर सेशन कुठलं निवडलंय? मिंट २२ च्या सिनेमनमध्ये वेलँड (पडदा दाखवायची नवी पद्धत) सेशन प्रायोगिक आहे, त्यात इनपुट मेथड, म्हणजे आयबससारखं सॉफ्टवेअर, नीट चालत नाही. साधं "सिनेमन" निवडलेलं पाहिजे.

आणि रायटरमध्ये हेल्प, अबाउट लिब्रेऑफिस उघडा. आवृत्तीच्या खाली "यूजर इंटरफेस" असं लिहिलेलं असतं, त्याच ओळीत "व्हीसीएल" पुढे काय आहे ते जसंच्या तसं इथे लिहा. तो एक शब्द कळला की निम्मं काम झालं.

चिकोडी_पॉवर
अर्ज छापायचे आहेत म्हणजे प्रिंटरचंही आताच बघून घ्या. लेझरजेट १०२० असेल तर मिंटमध्ये तो यादीत दिसतो, काम पाठवलं की "पूर्ण झालं" म्हणतो आणि कागद बाहेर येत नाही. या प्रिंटरच्या आत फर्मवेअर टिकत नाही, प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून त्यात भरावं लागतं. एचपीलिप (एचपीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर) टाका, मग टर्मिनलात एचपी-प्लगइन चालवून प्लगइन उतरवून घ्या, त्यानंतर एचपी-सेटअप.

झेरॉक्सवाला_निपाणी
प्रिंटर चालतोय, त्याचं काही नाही.
सेशन साधंच आहे. व्हीसीएल पुढे "एक्स११" लिहिलंय. हार्डडिस्क लहान आहे म्हणून मिंटबरोबर आलेलं सगळं लिब्रेऑफिस काढलं होतं आणि नंतर फक्त लिब्रेऑफिस-रायटर हे पॅकेज घातलं. कॅल्क, इम्प्रेस लागत नाहीत.

टिळकवाडी_टक्स
मग सापडलं. लिब्रेऑफिसला पडद्यावर खिडक्या काढायला वेगवेगळे जोड असतात. मिंटबरोबर येतं त्यात जीटीके३ चा जोड असतो, त्याचं पॅकेज वेगळं: लिब्रेऑफिस-जीटीके३. एकटं रायटर घातलं की ते सोबत येत नाही. तो नसेल तर रायटर साध्या एक्स११ या जुन्या पडदा-व्यवस्थेवर उतरतं आणि टायपिंगसाठी एक्सआयएम या जुन्या रस्त्यानं आयबसला शोधतं.

आता हे सांगा, आयबस चालू कसं केलं? प्रेफरन्सेसमधल्या "इनपुट मेथड"मधून की स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये स्वतः ओळ घालून?

झेरॉक्सवाला_निपाणी
स्टार्टअपमध्ये "आयबस-डीमन -डी" घातलंय. एका व्हिडिओत तसं होतं.

टिळकवाडी_टक्स
म्हणूनच फायरफॉक्सात चालतंय आणि रायटरमध्ये नाही. जीटीकेवर चालणाऱ्या ॲपना इनपुट मेथड ठरवून दिलेली नसली तरी आयबस बसवलेलं दिसलं की ती सहसा आपणहून ते उचलतात. एक्सआयएमचं तसं नाही. त्याला दोन गोष्टी लागतात: डीमन, म्हणजे मागे चालणारा आयबसचा प्रोग्रॅम, "-एक्स" लावून चालू झालेला पाहिजे आणि एक्समॉडिफायर्स या व्हेरिएबलमध्ये (सिस्टिमच्या सेटिंगमध्ये) आयबसचं नाव पाहिजे. तुमच्याकडे दोन्ही नाहीत.

असं करा:
स्टार्टअपमधली ती ओळ काढून टाका. ठेवली तर पुढे दोन डीमन एकमेकांना हटवत बसतील.
मेनू, प्रेफरन्सेस, इनपुट मेथड. वर फ्रेमवर्कच्या ठिकाणी "आयबस" निवडा.
सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये किंवा सिनॅप्टिकमध्ये लिब्रेऑफिस-जीटीके३ शोधून बसवा. टर्मिनल आवडत असेल तर सुडो एपीटी इन्स्टॉल आणि पुढे हे नाव, इंग्रजी अक्षरांत.
लॉगआउट करून परत लॉगिन. नुसती खिडकी बंद करून उघडल्यानं व्हेरिएबल बदलत नाहीत.

परत आल्यावर टर्मिनलात "एन्व्ह" चालवा. जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स, तिन्हींपुढे आयबस दिसलं पाहिजे. व्हीसीएलपुढे आता "जीटीके३" येईल.

अथणीचा_अण्णा
एवढं सगळं करण्यापेक्षा एफसीआयटीएक्स घातलं असतं तर झालं असतं.

टिळकवाडी_टक्स
झालं नसतं, अण्णा. जीटीके३ चा जोड नसता तर एफसीआयटीएक्सलाही त्याच एक्सआयएमच्या रस्त्यानं यावं लागलं असतं, आणि व्हेरिएबल त्यालाही लागतातच. एफसीआयटीएक्स चांगलं आहे, पण बिघाड कुठे आहे ते न बघता इंजिन बदललं तर बिघाड तिथेच राहतो.

संकेश्वर_संगणक
मुळात आयबस कशाला पाहिजे? सिस्टिम सेटिंग्स, कीबोर्ड, लेआउट्स. तिथे इंडिया खाली "मराठी, कगप फोनेटिक" आणि "कन्नड, कगप फोनेटिक" दोन्ही आहेत. कगप म्हणजे आपली कन्नड गणक परिषद, नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरवाली. आपल्याकडे ज्यांचा हात नुडीवर बसलाय त्यांना त्याच कळांवर मराठीही येते. डीमन नाही, व्हेरिएबल नाही, रायटर एक्स११ वर असलं तरी चालतं. एका वेळी चारच लेआउट ठेवता येतात, पण इंग्रजी, मराठी, कन्नड मिळून तीनच होतात.

शहापूर_डीटीपी
संकेश्वर, तुमचा उपाय अर्धा बरोबर आहे. लेआउट हे एक्सकेबीचं, म्हणजे सिस्टिमच्या कीबोर्ड नकाशाचं काम. त्यात एक कळ दाबली की एकच अक्षर मिळतं, मागे काय टाइप झालंय ते त्याला दिसत नाही. नुडीत तीच कळ व्यंजनानंतर दाबली तर काना देते, शब्दाच्या सुरुवातीला दाबली तर पूर्ण स्वर देते. एक्सकेबीत स्वर आणि मात्रा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्या लागतात, म्हणून नुडीवर बसलेला हात तिथे अडखळतो. खरी नुडीची सवय पाहिजे असेल तर आयबसमध्ये "कन्नड, केजीपी (एम१७एन)" घ्या, केजीपी म्हणजे कगपच. त्यासाठी आयबस-एम१७एन हे पॅकेज लागतं.

इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवाल्यांनाही हीच अडचण. शिफ्ट धरून ५, ६, ७, ८ दाबल्यावर ज्ञ, त्र, क्ष, श्र मिळतात ना, ती जोडाक्षरं तीन-तीन कोडपॉइंटची (युनिकोडमधल्या सुट्या अक्षरखुणांची) आहेत. एक्सकेबीच्या एका कळीत ती बसत नाहीत. एम१७एनच्या इनस्क्रिप्टमध्ये बसतात.

संकेश्वर_संगणक
ज्ञ काय रोज लागतो का ताई? ज, मग पाय मोडायची कळ, मग ञ. तीन कळा.

शहापूर_डीटीपी
अर्जात लागतो. "प्रतिज्ञापत्र" प्रत्येक दुसऱ्या कागदावर आहे. शिवाय "क्षेत्र" आहे, "श्री" तर प्रत्येक ओळीत. दिवसभर टाइप करणाऱ्याला तीन कळा आणि एक कळ यात फरक पडतो.

झेरॉक्सवाला_निपाणी
टक्सदादा, रायटरमध्ये मराठी यायला लागलं. व्हीसीएल जीटीके३ दाखवतंय. आयबसमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि कन्नड केजीपी घातलंय.
आता दुसरंच. फाँट बदलला की मराठीचा बदलतच नाही. वर नोटो सान्स देवनागरी निवडलं, इंग्रजीचा बदलतो, मराठी तशीच. आणि कन्नड ओळ मराठीपेक्षा उंच दिसते.

खानापूरकर
रायटर प्रत्येक मजकुराला आपल्या कामापुरते दोन फाँट ठेवतं, एक इंग्रजीसाठी "वेस्टर्न" आणि एक आपल्या लिप्यांसाठी "सीटीएल", म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. मजकूर न निवडता, रिकाम्या ओळीवर वरच्या पट्टीतून फाँट बदलला तर तो बहुतेक वेळा वेस्टर्नलाच लागतो. आधी टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्स, जनरल इथे "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट"पुढे मराठी निवडा. मग उजवीकडच्या स्टाइल्समध्ये डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल, एडिट, फाँट. तिथे दोन्ही स्वतंत्र दिसतील. आकारही स्वतंत्र असतो, म्हणून इंग्रजी १२ आणि मराठी १० असं बेढब पान तयार होतं.

शहापूर_डीटीपी
आणि आपल्या भागातली खरी अडचण यापुढे आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही "सीटीएल" मध्येच मोडतात, म्हणजे दोघांना मिळून एकच फाँट. तिथे नोटो सान्स देवनागरी ठेवला की त्यात कन्नड अक्षरंच नाहीत. मग सिस्टिम सापडेल तो कन्नड फाँट उचलते आणि त्याची उंची वेगळी असल्यामुळे ओळ फुगते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कधी जाणवणार नाही, आपल्याला रोज जाणवतं.

पक्का उपाय म्हणजे दोन कॅरेक्टर स्टाइल. स्टाइल्समध्ये कॅरेक्टर स्टाइल्सवर जा, नवीन स्टाइल करा, नाव "मराठी", सीटीएल फाँट नोटो सान्स देवनागरी, भाषा मराठी. दुसरी "कन्नड", फाँट नोटो सान्स कन्नड, भाषा कन्नड. दोन्हींना कळा नेमून ठेवा. मग पॅराग्राफ स्टाइलमध्ये लाइन स्पेसिंग "फिक्स्ड" करून १२ च्या अक्षराला १८ पॉइंट द्या, ओळी सारख्या बसतात. हे सगळं टेम्प्लेट म्हणून जतन केलं की प्रत्येक अर्जाला परत करावं लागत नाही.

घाईत असाल तर फाँटच्या रकान्यात दोन्ही नावं अर्धविरामानं जोडून लिहा, आधी देवनागरी, मग कन्नड. पहिल्यात अक्षर नसेल तर रायटर दुसऱ्यात बघतं. भाषा मात्र यानं वेगळी होत नाही.

अथणीचा_अण्णा
कन्नडला गुब्बी किंवा नविलू फाँट बघा, दोन्ही मिंटच्या भांडारात आहेत. छापल्यावर चांगले दिसतात.

चिकोडी_पॉवर
भाषा वेगळी ठेवून काय फायदा? अक्षर दिसलं म्हणजे झालं की.

शहापूर_डीटीपी
फायदा ल आणि श मध्ये दिसतो. लग्नपत्रिका करताना गिऱ्हाईक म्हणतं, हा ल हिंदीसारखा का आला? नोटो सान्स देवनागरीत मराठी ल, श आणि हिंदी ल, श दोन्ही आहेत. मजकुराची भाषा मराठी असेल तर मराठी आकार येतो, हिंदी असेल तर हिंदी. फाँट तोच, कोडही तोच. भाषेची नोंद करायची नसेल तर लोहित मराठी वापरा, त्यात आकार आधीपासून मराठी आहेत. पत्रिकेवर "शुभविवाह" मोठ्या अक्षरात असतं, तिथला श डोळ्यांत भरतो, म्हणून हे बघायलाच पाहिजे.

खानापूरकर
पत्रिकेचा धागा वेगळा काढा, इथे अर्जाचं चाललंय.

निपाणीकर, अर्ज पुढे कुठे पाठवायचा आहे का, की इथेच छापून द्यायचा?

झेरॉक्सवाला_निपाणी
काही छापून, काही मेलनं. ऑफिसात विंडोज आहे, तिथे उघडल्यावर ओळी हलतात म्हणतात. आणि माझ्या जुन्या मशीनवरच्या फाइली इथे उघडल्या की इंग्रजी चिन्हंच दिसतात, तेही याच कारणानं का?

खानापूरकर
दोन्हींची कारणं वेगळी. ओळी हलतात कारण त्यांच्या विंडोजमध्ये नोटो नाही, त्याऐवजी निर्मला यूआय किंवा मंगल लागतो, रुंदी बदलते. त्यांना बदल करायचे नसतील तर पीडीएफ पाठवा: फाइल, एक्सपोर्ट ॲज पीडीएफ. फाँट आतच जातात. बदल करायचेच असतील तर डॉक्स पाठवा, पण फाइल, प्रॉपर्टीज, फाँट इथे "एम्बेड फाँट्स" वर खूण करून मग जतन करा. फाइल मोठी होते, तेवढं चालवून घ्या.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसणार. त्या काळच्या फाँटमध्ये साठवलेली अक्षरं खरं तर इंग्रजीच असतात, फाँट त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. तो फाँट इथे नाही, म्हणून खालची इंग्रजी दिसते. टाइप केलेलं काही बिघडलेलं नाही. नुसतं वाचायचं असेल तर तुमच्याकडचा परवान्याचा तो टीटीएफ (फाँटची फाइल) होम फोल्डरमधल्या डॉट लोकल, शेअर, फाँट्स या फोल्डरात टाका आणि एफसी-कॅश चालवा. पुढे वापरायचा मजकूर मात्र युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. फाँटचं नेमकं नाव कळल्याशिवाय रूपांतर करू नका, कारण प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि चुकीचा नकाशा लावला तर रफार आणि पहिली वेलांटी हटकून चुकीच्या अक्षरावर जातात.

टिळकवाडी_टक्स
फाइलमध्ये एक शब्द निवडा, वरच्या फाँटच्या रकान्यात नाव तिरक्या अक्षरात दिसेल. तिरकं म्हणजे तो फाँट मशीनवर नाही. ते नाव इथे लिहा, मग कुठला नकाशा लावायचा ते सांगतो.

शहापूर_डीटीपी
रूपांतर झाल्यावर "ऱ्य" शोधून बघा, "दुसऱ्या", "शेतकऱ्यांचा" असे शब्द. तिथे बहुतेक वेळा "र्य" होऊन बसतं आणि रफार वर चढतो. इनस्क्रिप्टमध्ये हातानं दुरुस्त करताना शिफ्ट धरून जे, म्हणजे ऱ, मग डी, मग य, म्हणजे तिरक्या रेघेची (/) कळ. शेतकऱ्याच्या अर्जात हा शब्द चुकला तर पहिल्या ओळीतच दिसतो.

झेरॉक्सवाला_निपाणी
फाइल उघडून नाव बघतो. कन्नड ओळ फिक्स्ड १८ केल्यावर बरोबर बसली, अर्ज छापायला घेतलेत.